आई-बाबांचा शेंगेन व्हिसा, बडोद्याहून – दहा महिन्यांनंतर लिहितोय

मागच्या मार्चमध्ये आई-बाबांचा जर्मनीचा शेंगेन व्हिसा (म्हणजे एकाच व्हिसावर युरोपातले बरेच देश) काढला, मे ते जुलै दोघं म्युनिकला ताईकडे राहून आले, आणि तेव्हापासून मांजलपूरमध्ये ज्याची पोरं बाहेर आहेत तो मला रस्त्यात पकडून विचारतो, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिलं म्हणजे एजंट. रावपुऱ्यातल्या एकाने आठ हजार सांगितले आणि फाइल बनवली ती अशी की कारण 'टुरिझम' आणि सोबत पॅरिस-रोमची हॉटेल बुकिंग्ज. अरे पण आई-बाबा राहणार मुलीकडे! तिने तिथल्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसात जाऊन २९ युरो भरून हमीपत्र काढलेलं, ज्यात लिहिलंय की यांचा खर्च मी उचलते. जर्मनमध्ये त्याला फरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग म्हणतात, बाबा त्याला शेवटपर्यंत 'ते फरफर' म्हणाले. आता एका कागदावर मुलीचं घर आणि दुसऱ्यावर रोमचं हॉटेल, तर समोरचा काय समजणार? एजंट सोडला, सगळं स्वतः भरलं. आणि हो, हमीपत्र ओरिजिनल लागतं, स्कॅन चालत नाही, ताईला कुरिअर करावं लागलं.

दुसरं, नावं. इथे आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले. आईचं लग्न १९७९ चं, ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं ते फोटोत छान दिसतं, पण शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, ताईच्या जन्मदाखल्यावर सासरचंच पण स्पेलिंग वेगळं, आणि बँकेत गुजरातच्या पद्धतीने आधी आडनाव मग नाव. फॉर्ममध्ये जन्माच्या वेळचं आडनाव वेगळं विचारतात, तिथे माहेरचंच लिहायचं, बऱ्याच जणी परत सासरचं लिहितात. बाकी गोंधळासाठी कोर्टाजवळच्या नोटरीकडून 'या दोन्ही बायका एकच' असं ॲफिडेव्हिट केलं. आई म्हणाली, पंचेचाळीस वर्षं संसार केला तेव्हा नाही कुणी पुरावा मागितला.

पैशाचं थोडक्यात सांगतो. बाबांना एफडी मोडून चार लाख सेव्हिंगमध्ये टाकायचे होते, खातं 'भरलेलं' दिसावं म्हणून. मी मोडू दिली नाही. अर्जाच्या आठ दिवस आधी आलेली मोठी रक्कम स्टेटमेंटवर कुणालाही दिसते, त्यापेक्षा दर महिन्याला येणारी पेन्शन आणि जशीच्या तशी एफडीची पावती बरी. घराचा वेरा (म्हणजे घरपट्टी) भरल्याची पावतीपण लावली, परत येणारे लोक आहेत हे कळावं म्हणून. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा पाहिजे. फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो, म्हणजे आठ हजारांच्या वर, अर्ज घेणाऱ्या सेंटरचा चार्ज वेगळा, आणि व्हिसा नाही मिळाला तरी परत नाही. तिकीट आधी काढू नका, रिझर्व्हेशन पुरतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही अपॉइंटमेंट घेऊन पहाटे एक्सप्रेसवेने अहमदाबादच्या सेंटरला गेलो. तिथे बाबांचे बोटांचे ठसेच येईनात, म्हातारपणी रेषा पुसट होतात, चार वेळा हात पुसले, शेवटी तिथल्या मुलीने क्रीम लावायला दिलं तेव्हा आले. एकदा दिले की ५९ महिने तेच ठसे परत वापरता येतात, ही एक सोय. तेराव्या दिवशी पासपोर्ट घरी.

आता खरी मेख, जी वापरताना कळली. पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवर तारखा होत्या ७५ दिवसांच्या आणि खाली मुक्कामाचे दिवस ६०. बाबा खुश, "पंधरा दिवस जास्त दिले रे!" अजिबात नाही. ते पंधरा दिवस फक्त तारीख मागेपुढे झाली तर सवलत, राहायचे साठच, आणि उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात. आम्ही मागताना बरोब्बर साठ मागितले ही माझी चूक. ताईला शेवटचा आठवडा पोटात गोळा होता की फ्लाइट रद्द झाली तर काय. चार-पाच दिवस जास्तीचे मागा.

एंट्री एकच होती. साल्झबुर्ग झालं, झुरिच झालं (स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही पण शेंगेनमध्ये आहे, मावशी उगाच घाबरवत होती), पण लंडनच्या भाच्याकडे जाता आलं नाही, तिथला व्हिसा वेगळा आणि एकदा शेंगेनबाहेर पडलं की परत आत नाही.

म्युनिक एअरपोर्टला बाबांनी अख्खी फाइलच काचेतून सरकवली, त्या माणसाने हमीपत्र आणि रिटर्न तिकीट बघितलं, ठप्पा मारला. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ठप्प्याऐवजी फोटोसकट कॉम्प्युटरवर नोंद सुरू झालीये, व्हिसावाल्यांचे ठसे मात्र व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, ते परत नोंदवत नाहीत. लीलो चेवडो बिनधास्त गेला, पेढे आणि तूप मात्र मी घरीच काढून ठेवले, दुधाचं काही नेता येत नाही.

यंदा परत अर्ज करायचाय. २०२४ पासून भारतीयांसाठी नियम असा आहे की तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरले की पुढचा दोन वर्षांचा, कितीही वेळा जायचा, मिळू शकतो, म्हणून जुने ठप्पे आणि बोर्डिंग पास सगळे जपून ठेवलेत. आईच्या ॲफिडेव्हिटच्या तीन कॉप्या पण आहेत, त्यातली एक मावशी परवा घेऊन गेली, तिचंही नाव तांदळातलंच.