झाडबेडूक पाळणाऱ्या नवशिक्यांसाठीचा संच: पेटी उत्तम, बाकीचे साहित्य अर्धवट

सिडनीतील पाळीव प्राण्यांच्या एका दुकानातून घेतलेल्या या ‘स्टार्टर किट’मध्ये ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा आणि ६० सेंटीमीटर उंचीचा काचेचा टेरेरियम (म्हणजे बेडूक ठेवायची पेटी), जाळीचे झाकण, उबेचा दिवा, प्लास्टिकच्या वेली, पाण्याचे पसरट भांडे आणि तळाशी पसरण्यासाठी रंगीत खडी मिळते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर व पूर्व भागांत आढळणाऱ्या, सुमारे १० सेंटीमीटरपर्यंत वाढणाऱ्या हिरव्या झाडबेडकासाठी यात ‘सर्व काही’ आहे, असे खोक्यावर छापले आहे. ते मात्र पटत नाही.

पेटीबद्दल तक्रार नाही. हा बेडूक चढणारा असल्यामुळे त्याला लांबीपेक्षा उंची अधिक लागते, आणि दारे समोरून उघडत असल्यामुळे वरून अचानक हात आला की जो घाबरतो, तो येथे बराच शांत राहतो. झाकण जाळीचे असणेही महत्त्वाचे, कारण बेडकाला लागणारे यूव्हीबी किरण (अतिनील किरणांचा एक प्रकार) काच अडवते. हे किरण देणारा वेगळा दिवा मात्र संचात नाहीच.

खडी सरळ बाजूला ठेवावी. भक्ष्यावर झडप घालताना बेडूक तोंडात मावेल तो खडा गिळतो आणि त्याचे आतडे तुंबू शकते. त्याऐवजी ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा, पिल्लू असेल तर, साधा टिशू कागद चालतो. उबेच्या दिव्यासोबत तापमान आपोआप राखणारा थर्मोस्टॅट तर सोडाच, साधा तापमापकही दिलेला नाही. दिवसा २५ ते २८ अंश सेल्सिअस तापमान हवे, हे संचासोबतच्या माहितीपत्रकात छापून ते मोजायचे साधनच न देणे अजब आहे.

सर्वांत गंभीर उणीव पाण्याची आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, ते त्वचेतून शोषून घेतो. त्यामुळे नळाच्या पाण्यातील निर्जंतुके थेट त्याच्या शरीराला बाधतात. पाणी रात्रभर उघडे ठेवावे, असे पत्रक सांगते. त्याने क्लोरीन उडून जातो, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनणारे निर्जंतुक) तसाच राहतो आणि त्यासाठी मत्स्यालयवाले वापरतात तो वॉटर कंडिशनरच, म्हणजे निर्जंतुके निष्प्रभ करणारे द्रावणच, लागतो. खाद्याचा भागही त्रोटकच आहे: जिवंत रातकिड्यांना कॅल्शियमची पावडर लावावी, हे त्यात आहे, पण प्रौढ बेडकाला आठवड्यातून दोन-तीनदाच खाऊ घालावे, एरवी तो भराभर लठ्ठ होतो, हे नाही.

दुकानाची जमेची बाजू अशी की, न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, देशी बेडूक पाळण्यासाठी परवाना लागतो, हे विक्रेत्याने स्वतःहून सांगितले. नर रात्री मोठ्याने ओरडतात, हेही त्याने सांगितले असते तर पेटी झोपण्याच्या खोलीत मांडली गेली नसती! हीच पेटी तेथे सुटीही मिळते. तीच घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत यूव्हीबी दिवा, थर्मोस्टॅट आणि कंडिशनर आणावा.