जीसीसी १३, आठ महिने: एक खोटी वॉर्निंग आणि डीसाचे बटाटे

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं युनिट आहे, तापमान नोंदवायची कार्डं बनवतो. ती लिनक्सवर चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, सहा वर्षं माझ्या गळ्यात आहे. आठ महिन्यांपूर्वी जीसीसी या कंपायलरची (कोडपासून चालता प्रोग्राम बनवणारा) ९ वी आवृत्ती सोडून १३ वर आलो. पैसे मोजून स्टॅटिक अ‍ॅनालायझर (कोड न चालवताच चुका शोधणारं टूल) घेऊ या, असं शेठना दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा चहा मिळाला. म्हणजे जे पकडायचं ते या फुकटच्या कंपायलरनेच.

वेग, बाइनरीचा साइज वगैरेंबद्दल तक्रार नाही. माझं डोकं फिरवलं ते एकाच वॉर्निंगने: मेबी-अनइनिशियलाइज्ड, म्हणजे 'हे व्हेरिएबल किंमत न भरताच वापरलं जाईल, अशी एखादी वाट दिसते'. जाणकार म्हणतील, लिनक्सच्या गाभ्याने, कर्नलने, ती २०२० साली ५.७ आवृत्तीतच नेहमीच्या बिल्डमधून काढली, हवी असेल तर जादा वॉर्निंगचा डब्ल्यू=२ पर्याय लावा. बरोबर आहे. पण आमच्या मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) ती मुद्दाम चालू ठेवलेली, वर वॉर्निंगला एरर ठरवणारा डब्ल्यू-एरर. वॉर्निंग आली की बिल्ड आडवं. ठेवणारा मीच.

प्रकार असा. तापमान वाचणारं आतलं फंक्शन 'रिट' (निकालाचा आकडा: शून्य म्हणजे ठीक, ऋण म्हणजे चूक) शून्य नसेल तर 'व्हॅल' (तापमानाचं व्हेरिएबल) न भरताच परत फिरतं. बाहेरचं फंक्शन मात्र 'रिट' शून्याहून लहान आहे का, एवढंच बघतं. आमच्याकडे रिट कधी पॉझिटिव्ह येत नाही, हे मला माहीत. कंपायलरला कुठून माहीत असणार? त्याच्या हिशेबी एक वाट उघडीच. गंमत म्हणजे ओ-टू ला (वेगासाठीच्या बिल्डला) ओरड, ओ-एस ला (लहान साइजच्या बिल्डला) शांतता, कारण तिथे आतलं फंक्शन इनलाइनच होत नाही, म्हणजे बाहेरच्यात मिसळलं जात नाही आणि त्याला आतलं काही दिसत नाही. त्याच फाइलवर क्लँग हा दुसरा कंपायलर चालवला, तर एक शब्द नाही. तेव्हा क्लँगचं फार कौतुक केलं होतं.

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी, रावपुऱ्यात सेव-उसळ खायला जायची घाई, म्हणून सुरुवातीलाच 'व्हॅल = ०' लिहून, वॉर्निंग गप्प करून मोकळा झालो.

पाचव्या महिन्यात उत्तर गुजरातेतल्या डीसाजवळच्या एका शीतगृहातून फोन. स्क्रीनवर ०.० डिग्री, कॉम्प्रेसर बंद आणि आत चक्क उबारा. बटाटा ठेवतात दोन-चार डिग्रीला, त्यामुळे शून्य बघून दोन दिवस कुणाला शंकाही आली नाही. ९९९ दिसलं असतं तर पहिल्या तासात बोंब झाली असती. मेहसाणा, पालनपूर करत तिथे पोचलो. डिझेल आमचं, फेरी वॉरंटीत.

परत येऊन ते शून्य काढलं आणि बाहेरची तपासणी आतल्यासारखीच, 'रिट शून्य नसेल तर', अशी केली. खोटी वाट बंद, आता वॉर्निंग जायला हवी होती. गेली नाही. कीबोर्ड आपटायच्या बेतात होतो. मग स्क्रीनवर बोट ठेवून एकेक फांदी वाचत गेलो. नव्या सेन्सरसाठी मध्येच घातलेल्या फांदीत मी रजिस्टर वाचलं होतं, सीआरसी (डेटा शाबूत असल्याची खूण) तपासला होता, 'सगळं ठीक' म्हणून शून्य परत केलं होतं. वाचलेलं तापमान 'व्हॅल'मध्ये टाकायचंच राहिलं होतं. ही फांदी मी शून्याच्या नंतर लिहिलेली. ते शून्य नसतं, तर वॉर्निंग त्याच दिवशी माझ्या तोंडावर आली असती.

क्लँगचं कौतुक मागे घेतो. व्हेरिएबलचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, दुसऱ्या फंक्शनला दिला की तो व्हॅल्यू भरली असं धरून चालतो, त्यामुळे खोटी वॉर्निंग नाही आणि ही खरीही नाही. कर्नलमध्येही अशी वॉर्निंग दाबायला 'अनइनिशियलाइज्ड-व्हार' नावाचा मॅक्रो (कोडचा शॉर्टकट) होता, आत नुसतं 'क्ष = क्ष', म्हणजे स्वतःलाच स्वतःची किंमत. खऱ्या चुका झाकतो म्हणून ५.९ मध्ये तो मुळासकट काढला. हे मी वाचलं होतं, पॅचही (कोडमधला तो बदल) पाहिला होता, तरी शुक्रवारी शून्य टाकलंच.

सध्या तपासण्या जुळवून किंवा फंक्शन सुटसुटीत करून बहुतेक वॉर्निंग जातात. एक अजून हटत नाही, तिच्याभोवती तेवढ्यापुरती वॉर्निंग बंद करणारा प्राग्मा आणि वर चार ओळींची कॉमेंट. जीसीसी १३ ला चारपैकी साडेतीन स्टार. अर्धा ओ-एस च्या शांततेसाठी कापला.

परवा नव्या मुलाने पॅच पाठवला, त्यात 'स्टेटस = ०'. परत पाठवला. तो म्हणाला, "सर, बाकी फाइलमध्ये असंच आहे." गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी लिहिली ते दाखवणारी कमांड) लावलं. अशा ३७ ओळी, त्यातल्या ३१ माझ्या नावावर. आजपर्यंत ११ काढल्यात.