हब सर्व्हिसिंगच्या नावाखाली नुसता स्प्रे मारून देतात, चाक देताना जरा सांभाळून

सायकलच्या मागच्या हबचं (चाकाचा मधला भाग, ज्यात दांडा म्हणजे अ‍ॅक्सल आणि बेअरिंगचे छर्रे असतात) काम असं आहे की केलं काय आणि नाही केलं काय, बाहेरून काही कळत नाही. चेन धुतली तर दिसते, टायर बदलला तर दिसतो, पण हबच्या आत कुणी हात घातला की नाही हे कोण बघायला जातंय? नेमकी तिथेच माझ्या खिशाला चाट बसली, म्हणून सविस्तर लिहितोय.

चाक फिरवलं की मागून घरघर यायची आणि रिम धरून आडवी हलवली की डुगडुग जाणवायची. म्हणजे आतलं ग्रीस वाळलंय आणि कोन (छर्‍यांना दाबून धरणारा, दांड्यावरचा शंकूसारखा नट) सैल झालाय, सरळ केस होती. दुकानात स्पष्ट सांगितलं की हब पूर्ण खोला, साफ करा, नवीन ग्रीस भरा आणि छर्रे खराब असतील तर बदला. काम झाल्यावर बिल आलं त्यात हब ओव्हरहॉल, दोन्ही बाजूचे नवीन छर्रे, ग्रीस, लेबर असं सगळं वेगवेगळं मांडलेलं, बघून बरं वाटलं. दुकानदाराने माझ्यासमोर चाक गरकन फिरवलं, फ्रीहबची (मागचे गिअरचे दाते ज्यावर बसतात तो फिरता भाग) टिकटिक पण एकदम कमी झालेली, म्हणाला "बघा साहेब, लोण्यासारखं झालंय."

आता यातली मेख अशी की ती टिकटिक कमी होणं म्हणजे सर्व्हिसिंग झाल्याचा पुरावा नव्हेच. फ्रीहबच्या आत स्प्रिंगवर बसलेले खटके असतात, पॉल म्हणतात त्यांना, पेडल थांबवलं की ते दात्यांवरून टकटक करत सरकतात, आणि त्यांच्यावर पातळ ऑइलचा नुसता फवारा जरी गेला तरी आवाज लगेच दबतो. म्हणजे सीलच्या (धूळ अडवणाऱ्या झाकणाच्या) फटीतून नळी घालून स्प्रे मारायचा, बाहेरूनच कोन जरा आवळायचा की डुगडुग गायब, झालं सर्व्हिसिंग! गिऱ्हाईक आवाज ऐकून खूश, आणि पाच मिनिटांच्या कामाला अख्ख्या ओव्हरहॉलचं बिल. वर नुकसान वेगळंच, कारण ते पातळ ऑइल आत उरलंसुरलं ग्रीस पण धुवून बाहेर काढतं आणि मग आवळलेला कोन कोरड्या छर्‍यांवर घासत बसतो.

सुरुवातीला सगळं छान चाललं. मग हबच्या डाव्या बाजूने तपकिरी तेलकट ओघळ दिसायला लागले, स्पोकवर, आणि तिथून ब्रेकच्या डिस्कवर. मागचा ब्रेक दाबला की किंचाळायचा आणि पकडायचा मात्र नाही. त्याच दुकानात नेली तर उत्तर तयार, ब्रेक पॅड संपलेत. नवीन पॅड टाकले, त्याचे पैसे घेतले. आता तेल जिथून येतंय ते तसंच ठेवून पॅड बदलले तर काय होणार, थोड्याच दिवसांत नवीन पॅड पण तेल पिऊन बसले आणि परत तोच किंचाळा. त्यात घरघर पण परत आली, आधीपेक्षा जास्त.

शेवटी ज्याच्याकडे पातळ कोन पाने आहेत अशा एका मित्राला गाठलं. 15 मिमीच्या पान्याने कोन धरला, दुसऱ्या पान्याने कोनाला जागेवर धरणारा लॉकनट सोडला, डावीकडचं सगळं काढून अ‍ॅक्सल उजवीकडून ओढला आणि आतला कारभार उघडा पडला. काळं, वाळलेलं, मातीसारखं झालेलं ग्रीस वाटीच्या (हबमधली खोबण, जिच्यात छर्रे फिरतात) कडेला चिकटलेलं, आणि छर्रे राखाडी, निस्तेज, काहींवर तर नखाला लागतील असे खड्डे. नवीन छर्‍यात आपलं तोंड दिसतं हो! हे छर्रे बदललेच नव्हते, जुनेच होते, आणि डावीकडच्या कोनावर जिथे छर्रे फिरतात तिथे गोल खड्ड्यांची माळ. कोन आणि छर्रे बाजारात मिळतात पण वाटी हबमध्ये ठोकून बसवलेली असते, तीच खराब झाली की मग हबच बदला आणि स्पोक परत विणा. माझ्या वाटीवर फिकट चरे आलेत, नवीन कोन आणि छर्रे टाकून चालतंय, पण हात लावला की बारीक खरखर कळतेच.

तर चाक देण्याआधी लॉकनट, कोन आणि अ‍ॅक्सल यांच्यावरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ मारून ठेवा, दोन्ही बाजूंना. नट सुटून परत बसला की रेघ सहसा जुळत नाही, आणि परत आलेल्या चाकावर दोन्ही बाजूंच्या रेघा जशाच्या तशा असतील तर हब बहुधा खोललेला नाही. डावीकडची रेघ फक्त किंचित सरकलेली असेल तर नुसता कोन आवळून दिल्याची शक्यता जास्त. कॅसेटवरची (मागच्या गिअरच्या दात्यांच्या गठ्ठ्यावरची) धूळ तशीच आहे म्हणून मात्र भांडायला जाऊ नका, बऱ्याच कप-कोन (माझ्यासारख्या वाटी आणि कोनाच्या) हबमध्ये कॅसेट न काढताही अ‍ॅक्सल निघतो. छर्रे बदलले म्हणत असतील तर जुने मागून घ्या, मागच्या हबमध्ये बहुतेक वेळा एका बाजूला 1/4 इंचाचे 9 असतात, म्हणजे 18 हातात पडले पाहिजेत. सील्ड बेअरिंगचा (सुट्या छर्‍यांऐवजी अख्खी बंद बेअरिंग असलेला) हब असेल तर जुनी बेअरिंग मागा, सीलवर 6902, 6001 असा नंबर असतो, तो नवीनशी जुळतो का बघा. आणि टिकटिक खूपच दबली असेल आणि जोर लावल्यावर पेडल सटकन पुढे निसटत असेल तर सायकल चालवूच नका, कुणीतरी खटक्यांवर जाड ग्रीस थापलेलं असू शकतं, मग खटके वर उठत नाहीत. तिथे पातळ ऑइल किंवा फ्रीहबचं हलकं ग्रीसच लागतं, जाड ग्रीस फक्त छर्‍यांना.

जुने छर्रे आणि कोन पुडीत बांधून दुकानात गेलो. आधी म्हणाला तुम्ही प्रेशरने धुतली असेल, पाणी गेलं असेल. म्हटलं पाण्याने नवीन छर्रे जुने होतात का? मग म्हणाला पोऱ्याने केलं असेल, मला माहीत नाही. बिल पुढे ठेवलं आणि शेजारी दोन गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती, तेव्हा कुठे लेबर आणि छर्‍यांचे पैसे परत केले. ब्रेक पॅडचं विचारलं तर म्हणतो तो वेगळा विषय आहे.