गोव्याहून हिमालयाच्या बेस कॅम्पला: रेल्वे, विमान आणि वाटेतल्या रात्री

चोर्ला घाट महिनाभर चढलात-उतरलात की पाय तयार होतात, दमही वाढतो. विरळ हवेची तयारी मात्र गोव्यात राहून होत नाही. आपल्याकडची सगळ्यात उंच जागा म्हणजे सत्तरीतला सोंसोगड, आणि तोही 1,200 मीटर भरत नाही. आपण समुद्राकाठी झोपणारी माणसं. म्हणून गोव्याच्या माणसाचा ट्रेक बेस कॅम्पवर नाही, घराच्या उंबऱ्यावरच सुरू होतो असं मी धरतो. रेल्वेने जावं की विमानाने, हे ठरवताना बहुतेक जण तिकिटाचे पैसे आणि प्रवासाचे तास मोजतात. मी आधी रात्री मोजतो: वाटेत किती रात्री मिळतात आणि त्या किती उंचीवर?

आधी सांकरीचं, म्हणजे उत्तराखंडातल्या केदारकंठ शिखराच्या पायथ्याच्या गावाचं बघू, कारण पहिला हिमालयीन ट्रेक म्हणून साखळी-डिचोलीकडची कितीतरी मुलं केदारकंठच निवडतात. सांकरी 1,900 मीटरच्या आसपास, केदारकंठाचा माथा 3,810 मीटर. डेहराडूनहून सांकरी सुमारे 200 किलोमीटर, पण मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी असा वळणावळणाचा घाटरस्ता असल्याने सगळा दिवस जातो. बस आणि शेअर जीप सकाळी लवकर सुटतात. विमानवाल्यांच्या हिशोबातून नेमकी हीच गोष्ट निसटते. दुपारी डेहराडूनच्या जॉली ग्रँट विमानतळावर उतरलात तरी त्या दिवशी सांकरी गाठता येत नाही. रात्र डेहराडूनलाच काढावी लागते.

तिन्ही पर्याय शेजारी ठेवून बघा. विमानाने पहिल्या दिवशी डेहराडून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांकरी. मडगावहून राजधानीने गेलात तर एका रात्रीत दिल्ली, तिथून रात्रीच्या नंदादेवी एक्सप्रेसने पहाटे डेहराडून आणि तिसऱ्या संध्याकाळी सांकरी. वास्कोहून रोज सुटणारी गोवा एक्सप्रेस कुळे, दूधसागर, कॅसलरॉक असा घाट चढून बेळगाव, पुणे, भोपाळ करत तिसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत निजामुद्दीनला पोचते. म्हणजे त्या रात्री डेहराडून आणि चौथ्या संध्याकाळी सांकरी.

म्हणजे राजधानी विमानाच्या एकच दिवस मागे, आणि कागदावर हा मधला मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. मला तो पटत नाही. लागोपाठ दोन रात्री गाडीत काढायच्या आणि उतरल्या उतरल्या घाटातल्या जीपमध्ये बसायचं, यात शरीर पार मोडून जातं. ज्यांना गाडी लागते त्यांचे तर हाल विचारू नका, आणि दुसऱ्या सकाळी चढाई. राजधानीने जायचंच असेल तर डेहराडूनला एक रात्र पाठ टेकून झोपा. मग गोवा एक्सप्रेस आणि ती सारख्याच दिवशी पोचतात, आणि गोवा एक्सप्रेसचं साधं स्लीपरचं तिकीट कितीतरी स्वस्त.

विमानाने वाचलेले दोन दिवस खरे, पण ते कुठे घालवता यावर त्यांची किंमत ठरते. बरेच जण ते रजेतूनच कापतात. माझं म्हणणं, त्यातला एक दिवस सांकरीला द्या. तिथे एक जादा रात्र झोपा, दिवसभर गावाच्या वरच्या पायवाटांवर हळूहळू फिरा, भरपूर पाणी प्या. मग पहिल्या मुक्कामाची उंची अंगावर येत नाही. रोख पैसे मात्र वाटेत पुरोल्यालाच काढून घ्या.

रेल्वेच्या बाजूनेही सांगण्यासारखं आहे. आठ-दहा जणांचा गट, सोबत शाळकरी मुलं आणि मोठ्या रकसॅक असतील तर रेल्वेच बरी. विमानात सामानाच्या वजनाला मर्यादा, काठ्या चेक-इन बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत, आणि गॅसचे डबे तर अजिबात नाहीत (ते रेल्वेतही नेऊ नयेत, तिकडेच घ्यावेत). रेल्वेतली माझी खरी भीती सर्दीची. एकदा बंद डब्यात शेजारच्याचा खोकला मी बरोबर घेऊन गेलो आणि वर प्रत्येक श्वास जड झाला. तेव्हापासून प्रवासभर तोंडाला मास्क लावतो.

हिमाचलात कसोलच्या बाजूला सार पास या खिंडीचा ट्रेक करायचा असेल तर मडगावहून चंदीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती बघा. आठवड्यातून दोनदाच सुटते, पण दिल्लीची बदली वाचते. चंदीगडहून भुंतरपर्यंत बस, पुढे कसोल जवळच. कसोल 1,600 मीटरच्या आसपास असल्याने इथे विमान आणि रेल्वे यांत उंचीच्या दृष्टीने फरक पडत नाही. खिसा आणि रजा बघून ठरवा.

लेहचं गणित पार वेगळं आहे, आणि इथे चूक महागात पडते. लेह शहरच 3,500 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशाहून कमी, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू एक-तृतीयांशाने घटलेला. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून दिल्ली, दिल्लीहून पहाटेचं लेह, असं गेलात की एका रात्रीच्या अंतराने शरीर तिथे जाऊन पडतं. मी पहिल्यांदा असाच गेलो. उतरल्यावर इतकं छान वाटत होतं की दुपारीच शांती स्तूपाच्या पायऱ्या चढलो. रात्री डोकं फुटायची पाळी आली, उलट्या झाल्या आणि पुढचे दोन दिवस खोलीत गेले. त्रास लगेच होत नाही, काही तासांनी होतो, आणि नवखा माणूस तिथेच फसतो.

रस्त्याने जायचं तर दोन वाटा आहेत. मनालीची वाट जास्त प्रसिद्ध, पण गोव्याच्या माणसाला मी ती जाताना सुचवत नाही. मनाली 2,050 मीटर आणि वाटेतला नेहमीचा मुक्काम सरचू जवळजवळ 4,300 मीटर, म्हणजे लेहपेक्षाही वर. 3,000 मीटरच्या पुढे झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरहून जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. सरचूच्या तंबूत त्याच्या दुपटीहून जास्त उडी पडते. श्रीनगरची वाट माणसाला सांभाळून नेते: श्रीनगर 1,585 मीटर, झोजीला खिंड ओलांडून कारगिल 2,676 मीटर, मग लेह. कारगिलहून लेहचीही चढ थोडीथोडकी नाही, म्हणून लेहला एक दिवस आराम हवाच.

तेव्हा चवथ आटोपून सप्टेंबरात लेहला निघणार असाल तर दोनच पर्याय धरा. रजा असेल तर श्रीनगरपर्यंत विमान आणि पुढे दोन दिवस रस्ता. रजा कमी असेल तर थेट विमान, पण लेहला पोचल्यावर पूर्ण 48 तास आराम, दारू नाही, खारदुंगला या उंच खिंडीची सहल नाही, आणि त्यानंतरच ट्रेकची सुरुवात. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांनाच विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगा. मनालीची वाट परतीला ठेवा, तेव्हा शरीर सरावलेलं असतं आणि ती वाट सुंदर आहेच.

तिकिटांचं थोडक्यात. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा दिल्लीतली पुढची गाडी चिकटून धरू नका. डिसेंबरात केदारकंठाला जाणाऱ्यांनी परतीचं विमान आधी बघावं. जाताना आपण पर्यटकांच्या उलट दिशेने जातो, पण नाताळाच्या आठवड्यात परतताना सगळी दिल्ली आपल्याबरोबर गोव्याला निघालेली असते. आणि डोंगरातून उतरण्याच्या दुसऱ्याच दिवशीचं परतीचं तिकीट काढू नका. बर्फाने किंवा दरडीने रस्ता बंद झाला तर हाताशी एक मोकळा दिवस लागतो.