अमेरिकेचं कोर्ट की लंडनचं?

परदेशात कंपनीने माणसांचं आयुष्य उद्ध्वस्त केलं, तर दाद कुठे मागायची? एकेकाळी वकील अमेरिकेकडे बोट दाखवत. तिथल्या १७८९ च्या एका जुन्या कायद्याखाली परदेशी माणसाला आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भंगासाठी दावा लावता येतो. पण २०१३ मध्ये नायजेरियातल्या ओगोनी लोकांचा शेल या तेल कंपनीविरुद्धचा 'किओबेल' दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला: घटना परदेशातली, अमेरिकेशी संबंध पुरेसा नाही. २०१८ मध्ये तर परदेशी कंपन्यांवर या कायद्याने दावाच लावता येणार नाही, असं ठरलं.

लंडनचा रस्ता साधा, म्हणूनच मला जास्त भरवशाचा वाटतो. तिथे आंतरराष्ट्रीय गुन्हा सिद्ध करावा लागत नाही, निष्काळजीपणा पुरतो. झांबियातल्या चिंगोला भागातले १,८२६ गावकरी तांब्याच्या खाणीच्या सांडपाण्याने नदी आणि शेतं नासली म्हणून ब्रिटनमध्ये नोंदलेल्या वेदांता या खाण कंपनीविरुद्ध लंडनच्या कोर्टात गेले. खाण उपकंपनीची होती. तरी पर्यावरणाची देखरेख आपण करतो असं मूळ कंपनीनेच जाहीर केलं होतं, आणि तेच तिच्या अंगाशी आलं. २०१९ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने खटला तिथेच चालू दिला, कारण झांबियात एवढा मोठा दावा लढायला गावकऱ्यांकडे ना पैसा होता, ना तसे अनुभवी वकील. भोपाळच्या पीडितांना १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने भारतात परत पाठवलं, हे आठवलं की या निकालाचं मोल कळतं.

उणीव इथेही आहे. २०२१ मध्ये दावा तडजोडीने मिटला आणि कंपनीने जबाबदारी कबूल केली नाही.