पेन्शनचे खाते, यूपीआय आणि आईची झालेली फसवणूक

माझ्या आईच्या पेन्शनच्या खात्यातून मंगळवार ते गुरुवार या काळात एक लाख बावन्न हजार रुपयांहून अधिक रक्कम काढून घेतली गेली. आईने कोणालाही यूपीआय पिन सांगितला नव्हता, कोणताही क्यूआर कोड स्कॅन केला नव्हता आणि एकही ओटीपी फोनवर वाचून दाखवला नव्हता. पिन सांगू नका, ओटीपी देऊ नका, ही सूचना तिने तंतोतंत पाळली होती. तरीही पैसे गेले. ते कसे गेले हे समजून घेण्यासाठी मला बँकेत, सायबर पोलिसांकडे आणि जाणकारांकडे बरेच हेलपाटे घालावे लागले. त्यातून जे कळले ते इतरांना आधीच ठाऊक असावे, म्हणून हा सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून कराडला एकटी राहते, आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. मंगळवारी संध्याकाळी तिला एक संदेश आला, की मागील महिन्याचे बिल अद्ययावत न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता आपला वीजपुरवठा खंडित केला जाईल, तरी खालील क्रमांकावर वीज अधिकाऱ्याशी त्वरित संपर्क साधावा. या मजकुराचे संदेश महाराष्ट्रात कित्येक वर्षे फिरत आहेत आणि महावितरणने त्यांविषयी वेळोवेळी सावधही केले आहे. आईने बिल मुदतीत भरले होते, पावतीही जपून ठेवली होती, आणि तेच सांगण्यासाठी तिने फोन केला.

पलीकडच्या माणसाने ते नाकारले नाही, आणि मला वाटते तिचा विश्वास बसला तो इथेच. तो अदबीने म्हणाला, "काकू, तुम्ही बिल भरलंय हे मला इथं दिसतंय, पण आमच्या सिस्टिमला ते अपडेट झालेलं नाही. फक्त दहा रुपये भरून तुमचा ग्राहक क्रमांक जोडून घ्या, म्हणजे लाईन कट होणार नाही." त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली. तिच्यावर वीज कंपनीसारखे दिसणारे बोधचिन्ह होते. फाइल उघडताच एक ॲप फोनवर बसले, त्याने एसएमएस वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागितली, आणि पुढच्या पानावर दहा रुपयांसाठी डेबिट कार्डाचा क्रमांक व मुदत भरायला सांगितली. ते दहा रुपये शेवटपर्यंत खात्यातून गेलेच नाहीत, कारण चोराला ते नकोच होते.

इथे यूपीआयची नोंदणी कशी होते हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही. आपण एखादे पेमेंट ॲप पहिल्यांदा सुरू करतो तेव्हा फोनमधल्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस आपोआप एका ठरावीक क्रमांकावर जातो. तो ज्या मोबाइल नंबरवरून आला, तो नंबर आणि ज्या फोनवर ॲप उघडले आहे तो फोन यांची व्यवस्थेत जोडी लागते. चोराने आपल्या फोनवर ॲप उघडले आणि त्यात तयार झालेला सांकेतिक मजकूर आईच्या फोनमधल्या बनावट ॲपकरवी तिच्या सिमवरून पाठवला. यंत्रणेच्या दृष्टीने त्याचा फोन हाच आता आईचा फोन झाला. त्यानंतर ॲपने त्या नंबरशी जोडलेली बँक खाती शोधून त्याच्यापुढे ठेवली. नवा यूपीआय पिन ठरवण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी लागतो. काही बँका सोबत एटीएम पिनही मागतात, आईच्या बँकेत तो लागत नाही. कार्डाची माहिती दहा रुपयांच्या पानावरून मिळालेली होती आणि ओटीपी बनावट ॲपने परस्पर पुढे पाठवला. आईचा जुना पिन जाणून घेण्याची चोराला गरजच पडली नाही, कारण त्याने स्वतःचा नवा पिन लावून घेतला होता.

आपण "खाते जोडले" असे म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात सगळा कारभार मोबाइल नंबरवर चालतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आईने स्वतः रोजच्या खर्चासाठी एका सहकारी बँकेतले छोटे खातेही यूपीआयला जोडले होते, पण दोन्ही खात्यांना नंबर एकच असल्यामुळे चोराला दोन्ही खाती दिसली आणि त्याने अर्थातच पेन्शनचे निवडले. त्या खात्याला ऑटो स्वीपची सोय होती, म्हणजे ठरावीक रकमेवरचे पैसे आपोआप मुदत ठेवीत जात आणि खात्यात कमी पडल्यास ठेव आपोआप मोडून खात्यात येत. आपल्या ठेवींना कोणी हात लावू शकत नाही असा आईचा समज होता. यूपीआयने रक्कम निघताच त्या ठेवीही पायरीपायरीने मोडत गेल्या, आणि त्यासाठी कोणाची सही लागली नाही.

नव्या फोनवर नोंदणी झाल्यानंतर पहिल्या चोवीस तासांत यूपीआयने पाच हजार रुपयांपेक्षा जास्त पाठवता येत नाहीत. हा नियम चांगला आहे आणि त्यानेच आईला सावध होण्याची एक संधी दिली होती. मंगळवारी रात्री ती झोपल्यानंतर चार हजार नऊशे रुपये लहान लहान रकमांत गेले. बुधवारी सकाळी ती दुधाचे पैसे द्यायला गेली असता, इतकी वर्षे वापरलेला पिन ॲपने चुकीचा ठरवला. तिने चष्मा लावून, एकेक अंक पाहून पुन्हा टाकला, तरी तेच झाले. दूधवाल्याला तिने रोख पैसे दिले. यूपीआय पिन हा ॲपचा नसतो, खात्याचा असतो. म्हणून दुसऱ्या कोणी दुसऱ्या फोनवर तो बदलला की आपल्या फोनवरचा जुना पिन चालेनासा होतो. आपला नेहमीचा पिन अचानक चुकीचा ठरू लागला, तर विसरभोळेपणाला दोष देत बसू नये. त्याच क्षणी पासबुक किंवा खात्याचे विवरण पाहावे आणि बँकेला फोन लावावा. चोवीस तास उलटल्यावर, बुधवारी रात्री, चोराने अठ्ठ्याण्णव हजार रुपये काढले.

गुरुवारी सकाळी संदेश पाहताच आईने बँकेच्या मदत क्रमांकावर फोन केला. तिथल्या कर्मचाऱ्याने तक्रार क्रमांक दिला, कार्ड ब्लॉक केले आणि आता काळजीचे कारण नाही असे सांगितले. दुपारी, आई शाखेत आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बाकावर बसली असताना, खात्यातून आणखी एकोणपन्नास हजार पाचशे रुपये गेले. कार्ड बंद केल्याने यूपीआय बंद होत नाही. पिन एकदा ठरला की कार्डाचे काम संपलेले असते. अशा वेळी "कार्ड ब्लॉक करा" एवढेच न म्हणता "खात्यातून पैसे जाणे पूर्ण थांबवा, डेबिट फ्रीझ टाका आणि यूपीआय बंद करा" असे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि ते झाल्याचा संदेश येईपर्यंत फोन ठेवू नये. मदत क्रमांकावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला हे ठाऊक असायला हवे होते, अशी माझी ठाम तक्रार आहे, आणि ती मी बँकेकडे लेखी नोंदवली आहे.

मी त्याच दुपारी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन केला. तिथे आपला खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची वेळ, रक्कम आणि बारा अंकी यूपीआय क्रमांक विचारतात, म्हणून हे सगळे कागदावर लिहून मगच फोन करावा. तिथून संबंधित बँकांना सूचना जाते आणि पैसे ज्या खात्यात पोहोचले असतील तिथे ते रोखून धरता येतात. चोर मात्र पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात झपाट्याने हलवतात, त्यामुळे तक्रार किती लवकर पोहोचते यावर सारे अवलंबून असते. आमचे एकतीस हजार रुपये एका खात्यात सापडले आणि रोखले गेले. ते परत मिळण्यासाठी पोलिसांच्या अहवालासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागला. बाकीचे पुढे निघून गेले होते. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही नोंद केली आणि तिची पोचपावती घेऊन आई पोलीस ठाण्यात गेली.

बँकेशी झालेला वाद मात्र वेगळ्या मुद्द्यावर होता. शाखाधिकाऱ्यांचे म्हणणे, कार्डाची माहिती ग्राहकाने स्वतः दिल्यामुळे सर्व नुकसान ग्राहकाचेच. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक मी त्यांच्यापुढे ठेवले. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाने सोसायचे, पण कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेने सोसायचे, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, व्यवस्थेत इतरत्र असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काहीच बोजा येत नाही, चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्याला दहा हजार रुपयांची मर्यादा लागते, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. बनावट ॲपने पाठवलेला एसएमएस हा आईचा निष्काळजीपणा कसा ठरतो, हा माझा प्रश्न आजही कायम आहे. पण गुरुवार दुपारच्या साडेएकोणपन्नास हजारांविषयी प्रश्नच नव्हता, कारण सकाळच्या फोनचा तक्रार क्रमांक आणि वेळ आमच्याकडे होती. तो क्रमांक आईने कॅलेंडरच्या पानावर लिहून ठेवला होता. बँकेने तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न दिल्यामुळे आम्ही रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार केली. ती ऑनलाइन करता येते आणि तिला शुल्क नाही. त्यानंतर बँकेने ती रक्कम जमा केली.

वीज तोडण्याच्या धमकीविषयी एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावी. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्यामुळे बिलाच्या नावाने "आज रात्री साडेनऊला" वीज जाण्याची सूचना देणारा संदेश खरा असूच शकत नाही. महावितरणच्या खऱ्या संदेशात ग्राहक क्रमांक असतो, आणि तो कोणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून येत नाही.

फसवणुकीचे इतर प्रकार थोडक्यात सांगते. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, त्यामुळे "पैसे स्वीकारायला पिन टाका" म्हणणारा माणूस चोरच असतो. व्यक्तींनी एकमेकांना पाठवायच्या पैशांच्या मागण्या १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर बंद झाल्या आहेत, तरी क्यूआर कोड पाठवून तीच लबाडी चालू आहे. जुना मोबाइल नंबर सोडणार असाल तर आधी बँकेत नवा नोंदवा, कारण बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो.

आता आईची व्यवस्था आम्ही बदलली आहे. पेन्शनच्या खात्याला नवा नंबर नोंदवला आणि ते सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये ठेवले. त्यावर बँकेचे संदेश येतात, पण कोणतीही फाइल उघडत नाही. आधारला जोडलेला नंबरही तोच केला, कारण काही बँकांत आधारच्या ओटीपीवरही यूपीआय पिन ठरवता येतो. त्या खात्यावर यूपीआय बंद ठेवण्याचा अर्ज शाखेत दिला, आणि अनेक बँकांच्या नेट बँकिंगमध्येही तशी सोय असते. स्मार्टफोनमधल्या नंबरला फक्त सहकारी बँकेतले खाते उरले आहे आणि त्यात महिन्याच्या किराणा-दुधापुरतेच पैसे असतात. आईचे यूपीआय बंद करावे असे काही नातेवाइकांचे मत होते. मला ते पटले नाही. गुडघे दुखत असताना तिने प्रत्येक बिलासाठी रांगेत उभे राहावे, हा काही उपाय नव्हे. माझे मत असे, की बँकांनीच पेन्शनच्या खात्यांवर यूपीआय मुळात बंद ठेवावे आणि ज्येष्ठ ग्राहकाचा पिन नव्या फोनवर बदलला गेला तर त्याला फोन करून विचारावे.

रोखलेल्या एकतीस हजारांच्या अर्जावर न्यायालयाचा आदेश अजून यायचा आहे. बँकेने परत केलेली रक्कम, परिपत्रकाप्रमाणे, पैसे गेले त्या तारखेपासून धरून जमा व्हायला हवी होती. ती प्रत्यक्ष जमा केली त्या तारखेची दाखवली आहे, त्यामुळे मोडलेल्या ठेवीवरचे मधल्या काळाचे व्याज बुडाले. त्या व्याजासाठी आईने स्वतःच्या अक्षरात बँकेला अर्ज लिहिला असून त्याच्या प्रतीवर शाखेचा तारखेसह शिक्का घेतला आहे.