‘सगळं आत आहे, ताई’

माझ्या कुत्र्याच्या पिल्लाच्या, भुरीच्या, पुढच्या डाव्या पायाचा एक्स-रे डॉक्टरांनी उजेडावर लावला, तेव्हा मला त्यात काहीच कळलं नाही. मग त्यांनी शेजारी एका निरोगी पिल्लाचा एक्स-रे लावला. त्या पिल्लाची हाडं पांढरी, ठसठशीत दिसत होती. भुरीची हाडं आजूबाजूच्या मांसासारखीच करडी होती आणि त्यांच्या कडा पेन्सिलीने हलकेच ओढल्यासारख्या होत्या. मनगटाच्या वर एका जागी हाड दुमडलं होतं. तुटलं नव्हतं, ओली फांदी वाकते तसं दुमडलं होतं.

“काय जेवते ही?”

मी सांगितलं की रोज घरी शिजवलेलं ताजं जेवण देते, कोंबडीचं बिनहाडाचं मांस आणि त्यात मिसळायचं तयार मिश्रण, बेस मिक्स. हे सांगताना मला अभिमान वाटत होता.

“मिक्सची पिशवी घेऊन या,” डॉक्टर म्हणाल्या. “आहे तशी, उघडलेली असली तरी चालेल.”

भुरी मोठ्या जातीची. चार महिन्यांची होती तेव्हा वजन १४ किलो भरलं होतं. तयार कोरडं खाणं तिला पचत नव्हतं, दर दोन-चार दिवसांनी पोट बिघडायचं. म्हणून घरचं जेवण सुरू करायचं ठरलं. नुसतं मांस आणि भाज्या घालून पिल्लू वाढवता येत नाही, एवढं मला ठाऊक होतं. म्हणून तर मी मनाने काही न करता बेस मिक्स शोधायला लागले.

‘बेस मिक्स’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. एकात खनिजं आणि जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात. ते ठरलेल्या मांसात, ठरलेल्या वजनाने मिसळलं की जेवण पूर्ण होतं. दुसरं म्हणजे सुकवलेल्या भाज्या, थोडं धान्य आणि फळांचे तुकडे. त्यातही वाईट काही नाही. तो सुका भाजीपाला आहे, आणि तो तसा सांगून विकला तर माझी काहीच तक्रार नसती. मला हे दुसरं मिक्स पहिल्याच्या नावाने विकलं गेलं.

पिशवीवर पुढे मोठ्या अक्षरांत ‘पूर्ण व संतुलित, फक्त मांस घाला’ असं होतं. खाली घटकांची यादी होती: रताळं, गाजर, ओट्स, वाटाणा, लाल भोपळा, जवस, सफरचंद, ब्लूबेरी, स्पिरुलिना, हळद, लसूण पावडर. शेजारी ‘एकही रासायनिक नाव नाही’. ते वाचून मला फार बरं वाटलं होतं. आता तीच ओळ वाचली की अंगावर काटा येतो. कॅल्शियम कार्बोनेट, झिंक सल्फेट, कॉपर प्रोटिनेट, कोलीन क्लोराइड, व्हिटॅमिन डी ३ ही नावं स्वयंपाकघरातली वाटत नाहीत, पण पिल्लाची वाढ अशा घटकांशिवाय नीट होत नाही. नेमकी तीच पिशवीत नव्हती आणि ती नसणं हाच मालाचा गुण म्हणून मला विकला गेला. लसूण पावडर पाहून मी तेव्हाच थांबायला हवं होतं. लसूण कांद्याच्याच कुळातला, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना इजा करणारा, आणि पावडरीत तर जास्तच एकवटलेला. कुत्र्याच्या आहाराचं ज्ञान असलेला माणूस तो पिल्लाच्या रोजच्या खाण्यात घालणार नाही.

तरी पैसे भरण्याआधी मी विचारलं होतं. विक्रेत्याकडे ‘आहारतज्ज्ञ’ म्हणून एक व्यक्ती संदेशांना उत्तरं द्यायची. तिने भुरीचं वय, वजन, जात विचारली आणि दिवसाला ७०० ग्रॅम मांस व १०० ग्रॅम मिश्रण असं प्रमाण सांगितलं. मी विचारलं, “कॅल्शियम वेगळं द्यायचं का?”

उत्तर आलं: “सगळं आत आहे, ताई. मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलंत तर सांधे बिघडतील. अजिबात देऊ नका.”

या उत्तरातला दुसरा भाग खरा आहे, म्हणून तर मी फसले. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम खरोखरच घातक असतं. लहान वयात आतडं नको असलेलं कॅल्शियम नीट अडवू शकत नाही, आणि हाडांची वाढ वेडीवाकडी होते. मी ते पडताळून पाहिलं, तसंच आढळलं, आणि माझा विश्वास पक्का बसला. पण वरून देऊ नका हा सल्ला आत पुरेसं असेल तरच लागू होतो. आत किती आहे, हा आकडा मी मागितलाच नाही.

भुरी आवडीने जेवायची. पोट सुधारलं, केस चकाकायला लागले. येणारा-जाणारा म्हणायचा, घरच्या जेवणाची गोष्टच वेगळी. सात आठवड्यांनी ती पायरी चढताना थबकायला लागली. मग खेळणं कमी झालं. एके दिवशी नेहमीसारखं उचललं तर ती अशी किंचाळली की मी तिथेच खाली बसले.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. कॅल्शियम अगदी ठीक आलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला. त्यांनी मान हलवली. रक्तातलं कॅल्शियम शरीर सहसा खाली जाऊ देत नाही, कारण त्यावर हृदय आणि स्नायू चालतात. खाण्यातून मिळालं नाही तर गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त संप्रेरक सोडतात आणि तेवढं कॅल्शियम हाडांतून ओढून घेतलं जातं. त्यामुळे रक्ताचा अहवाल चांगला येतो आणि हाडं पोकळ होत राहतात. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांमध्ये हा आजार पशुवैद्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

मग डॉक्टरांनी कागदावर हिशोब मांडला. तो इथे देते, कारण तो कुणालाही घरी करता येतो. १०० ग्रॅम बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम साधारण १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे ७०० ग्रॅममध्ये ७०-८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १४०० मिलिग्रॅम फॉस्फरस. वाढत्या पिल्लाला दर १००० कॅलरीमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम लागतं. भुरीच्या जेवणाच्या हिशोबाने रोजचं साडेतीन ग्रॅम. मिश्रण पुढे मी प्रयोगशाळेत तपासून घेतलं, तेव्हा १०० ग्रॅममध्ये ०.२ ग्रॅम कॅल्शियम आणि ०.३ ग्रॅम फॉस्फरस निघाला. सगळं मिळून दिवसाला जेमतेम २८० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणजे गरजेचा बारावा हिस्साही नाही. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी असून चालत नाही, दुपटीपर्यंत असलं तरी चालतं. भुरीच्या ताटात फॉस्फरसच कॅल्शियमच्या सहापट होता.

हाच हिशोब उलटा केला तर खोटं मिश्रण विकत घेण्याआधीच ओळखता येतं. ७०० ग्रॅम मांसाची कसर १०० ग्रॅम मिश्रणाने भरून काढायची असेल, तर त्या १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅमहून जास्त कॅल्शियम असायला हवं. सुकवलेल्या भाज्यांमधून तेवढं येऊच शकत नाही. यादीत कॅल्शियमचा क्षार, हाडांची भुकटी किंवा अंड्याच्या टरफलाची पूड यांसारखं काहीच नसेल, तर ‘फक्त बिनहाडाचं मांस घाला, जेवण पूर्ण’ हा दावा खोटा आहे. त्यासाठी प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही.

पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्यांनी ती उलटी केली. मागच्या बाजूला किती मिश्रणात किती मांस घालायचं याचं एक मोठं स्टिकर होतं. त्याचा कोपरा सुटला होता. डॉक्टरांनी नखाने ते अलगद सोडवलं. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: ‘केवळ अधूनमधून किंवा पूरक आहार म्हणून’. मी ती ओळ तीन-चारदा वाचली. पुढे ‘पूर्ण’, मागे ‘पूरक’, आणि मागच्या शब्दावर स्टिकर.

विक्रेत्याकडून पैसे परत मिळाले नाहीत. “पिशवी उघडलेली आहे,” हे पहिलं उत्तर. “पूरक आहार असं पिशवीवर छापलेलं आहे, ताई, आपण वाचायला हवं होतं,” हे दुसरं. स्टिकरचा फोटो पाठवल्यावर उत्तरं बंद झाली. त्या ‘आहारतज्ज्ञ’ व्यक्तीचं शिक्षण काय, हे मी तीनदा विचारलं. एकदाही सांगितलं गेलं नाही.

विक्रेत्याने दाखवलेला प्रयोगशाळेचा अहवालही मी पुन्हा काढून पाहिला. तो बनावट नव्हता. त्यात प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे एकूण खनिजं) एवढे पाच आकडे होते आणि ते बहुधा खरेच असतील. कॅल्शियम, झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन डी यांचा शब्दही नव्हता. अहवालावरचा शिक्का बघून मी समाधान मानलं आणि त्यात काय तपासलंय ते पाहिलं नाही. प्रथिनांचा आकडासुद्धा बहुतेक वेळा थेट मोजलेला नसतो. नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. २००७ मध्ये याच फटीतून प्राण्यांच्या खाण्यात मेलामाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं औद्योगिक रसायन शिरलं, आकडे फुगलेले दिसले आणि मूत्रपिंडं निकामी होऊन कुत्री-मांजरी दगावली.

पिशवीवर ‘ॲफ्को मान्यताप्राप्त’ असा गोल शिक्काही होता. ॲफ्को ही अमेरिकेतल्या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना. ती पोषणाची प्रमाणं ठरवून देते, पण कुठलंही खाणं तपासत नाही, मान्य करत नाही, प्रमाणपत्र देत नाही. म्हणजे असा शिक्का असूच शकत नाही. खरं विधान लांबलचक आणि कंटाळवाणं असतं. हे खाणं कोणत्या वयाच्या कुत्र्यासाठी त्या प्रमाणांना पुरं पडतं, ते त्यात लिहिलेलं असतं, आणि वाढत्या मोठ्या जातींचा वेगळा उल्लेख असतो. गोल शिक्का दिसला की आता मी पिशवी परत ठेवते.

काही जण मला म्हणाले, मिक्स कशाला, चांगली कृती शोध आणि बदलून बदलून दे, म्हणजे समतोल आपोआप साधतो. हे मी मानत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० कृती तपासल्या होत्या. त्यांतल्या ९५ टक्के कृतींत किमान एक आवश्यक घटक कमी पडत होता, आणि काही कृती तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. दहा कृतींत तोच घटक कमी असेल तर दहाही आलटून पालटून केल्या तरी तो कमीच राहणार.

भुरीला सहा आठवडे छोट्या जागेत बांधून ठेवावं लागलं. प्लास्टर घालता आलं नाही, कारण एवढ्या मऊ हाडांना त्याचं वजनही झेपत नाही. औषध म्हणजे वेदनाशामक आणि योग्य अन्न. आधी मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं, तिला पचेल असं तयार खाणं हळूहळू सुरू केलं. मग पशुआहाराचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडून तिच्यासाठी कृती लिहून घेतली. त्यासोबतचं मिश्रण दुसऱ्या ठिकाणाहून मागवलं. खरेदीआधी मी विचारलं की १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम, फॉस्फरस, झिंक, तांबं आणि व्हिटॅमिन डी किती, कोणतं मांस धरून हिशोब केलाय, कृती कुणी तयार केली. त्याच दिवशी पूर्ण तक्ता आला. सोबत सूचना होती: मांस बदललंत किंवा चरबीचं प्रमाण बदललं तर आधी आम्हाला कळवा, हिशोब बदलतो. अशी सूचना पहिल्या विक्रेत्याने कधीच दिली नव्हती. कुठलंही मांस घाला, असंच त्याचं म्हणणं होतं. हे दुसरं मिश्रण शिजवत नाही. शिजवलेलं जेवण निवल्यावर मिसळते, कारण काही जीवनसत्त्वं उष्णतेने जातात.

शेवटच्या एक्स-रेत हाडं पांढरी दिसली. दुमडलेली जागा भरून आली आहे, पण पाय किंचित बाहेर वळलेला राहिला आणि तो आता तसाच राहणार. जुनी पिशवी, सुटलेलं स्टिकर, संदेशांचे फोटो आणि प्रयोगशाळेचा अहवाल मी तक्रारीसोबत जोडलं आहे. उरलेलं मिश्रण बॅच नंबरासह बंद डब्यात ठेवलं आहे.

ते मिश्रण अजून विकलं जातंय. गेल्या आठवड्यात त्याच्या विक्रीच्या पानावर एका बाईंचा प्रश्न दिसला. त्यांचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे, मोठ्या जातीचं, आणि त्यांनी विचारलंय की कॅल्शियम वेगळं द्यायचं का. खाली उत्तर आहे, ‘सगळं आत आहे, ताई’. मी त्याखाली भुरीचा एक्स-रे टाकला होता. दुसऱ्या दिवशी तो काढून टाकलेला होता. त्या बाईंपर्यंत पोहोचायचा दुसरा मार्ग माझ्याकडे नाही, म्हणून हे लिहिलं.